उशिराची वीण

त्या वर्षी गॅफनी लेक या तळ्यावरचा बर्फ हटता हटेना. एरवी एप्रिलच्या मध्यावर तो करडा पडतो, कडेने सुटतो आणि एखाद्या वाऱ्याच्या दिवशी दुपारच्या दुपारी नाहीसा होतो. त्या वर्षी मे उजाडला तरी तळ्याच्या मधोमध पांढरा पापुद्रा तसाच. तीन तारखेला एकदाचा फुटला, तर उत्तरेच्या वाऱ्याने महिनाभर मुक्काम ठोकला. ऊन पडायचं, पण पाण्यात मुरायचं नाही.

मार्लीन टॅकाबेरी रोज सकाळी सात वाजता आपल्या लाकडी धक्क्यावर जायची, दोरीला बांधलेलं थर्मामीटर वर ओढायची आणि तापमानाचा आकडा वहीत लिहायची. आठ. आठ. नऊ. परत आठ. पंचवीस मेला अकरा. मागल्या वर्षी याच तारखेला सतरा होते. वही मिटून ती घरात गेली आणि उभ्या उभ्याच चहा प्यायली. बसवेना तिला.

बास माशाला कॅलेंडर कळत नाही, पाणी कळतं. पाणी पंधरावर गेलं की नर काठाशी येतो, शेपटीने गाळ झाडून खडीत परातीएवढं घरटं करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाच्या अंगावर. तो खात नाही, हलत नाही, अंड्यांवर शेपटीने वारा घालतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. पाणी ऊबदार असेल तर अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, गार असेल तर आठवडा जातो. मध्येच थंडीची लाट आली तर काही बाप घरटं टाकून खोल पाण्यात जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पिल्लं आपली आपण फिरायला लागेपर्यंत तीन-चार आठवडे त्याची सुटका नाही.

मासेमारी मात्र तारखेने सुरू होते. जूनचा चौथा शनिवार. साधारण वर्षी तोवर बापांचं काम उरकलेलं असतं. या वर्षी ते ऐन पहाऱ्यावर असणार होते. आणि पहाऱ्यावरचा बास पकडणं म्हणजे दारात उभ्या माणसाची टोपी काढून घेण्याइतकं सोपं. गळ घरट्यावर टाकला की तो खाण्यासाठी नव्हे, हाकलण्यासाठी तोंडात धरतो.

मार्लीन काही शास्त्रज्ञ नव्हती. एकसष्ट वर्षांची विधवा. सत्तावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. गावातल्या अर्ध्या माणसांना तिने कधी ना कधी खिडकीतून हात बाहेर काढल्याबद्दल दम दिला होता. नऊ वर्षांपूर्वी नवरा क्लिफर्ड गेला. त्या वसंतात ती पडदे ओढून घरात बसून राहिली, तेव्हा दोन धक्के पलीकडचे ऑर्व्हल लेगेट दार न वाजवता स्वयंपाकघरात आले होते.

"पोरी," ते म्हणाले होते, "बोट वल्हवायला माझे हात चालतात. पण पाण्याखाली बघायला आता खुबा साथ देत नाही. तू उतरतेस का?"

"मी? मला पोहता तरी येतं का धड!"

"बस येत होती का आधी? शिकलीसच ना."

ती शिकली. रबरी पोशाख, डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी. ऑर्व्हल बोट हळू पुढे नेत, ती मागे दोरीला धरून पालथी तरंगत असे आणि घरटी मोजत असे. कुठल्या काठाला पाणी आधी तापतं, का तापतं, पश्चिमेला जमिनीत शिरलेल्या चिंचोळ्या फाट्यात काळा तळ आहे म्हणून तिथे वीण आठवडाभर लवकर कशी होते, उत्तरेच्या उघड्या काठाला वारा लागतो म्हणून तिथे उशीर का, हे सगळं तिला ऑर्व्हलनी शिकवलं. पौर्णिमेचंही शिकवलं होतं. पौर्णिमेच्या आसपास मादी अंड्यांनी भरते, असं त्यांचं म्हणणं. तिच्या वहीतले आकडे काही तसं सांगत नसत. त्यावरून दोघांचं दरवर्षी वाजायचं.

"तुमचा चंद्र यंदा कामावर आला नाही वाटतं," ती पाण्यातून डोकं वर काढून म्हणायची.

"तुझी वही लबाड आहे. चंद्र नाही," ते वरून म्हणायचे.

बाप गेलेल्या मार्लीनला या माणसाने परत एक बाप दिला होता असं म्हटलं तर खोटं होणार नाही. ती दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला काहीतरी घेऊन जायची. त्यांची बायको थेल्मा सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा रॉयस शहरात होता आणि बापाशी बोलत नव्हता. का, हे ऑर्व्हलनी कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. आईच्या दफनाला तो सकाळी आला आणि दुपारच्या आत गेला, एवढं तिने पाहिलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तळ्याकाठच्या लोकांची सभा भरली. दुकानवाली बर्निस अध्यक्ष. मार्लीन वही घेऊन उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. बसमधल्या मुलांना सांगावं तसं तिने सांगितलं.

"पाणी आज तेरा आहे. वीण दहा-बारा तारखेला सुरू होईल. मासेमारी उघडेल तेव्हा एकेका घरट्यावर बाप बसलेला असेल. त्याला उचललं की दहा मिनिटांत सनफिश आणि पर्चसारखे छोटे मासे येऊन पिल्लं फस्त करायला लागतात. तो परत सोडला तरी काय उपयोग? घर रिकामं झालेलं असतं."

"मग काय, स्पर्धा बंद करायची?" मागून कुणीतरी विचारलं. मासेमारी उघडण्याच्या शनिवारीच गावाची बास स्पर्धा असायची. बाहेरून चाळीस-पन्नास बोटी यायच्या.

"बंद नका करू. फक्त पश्चिमेचा फाटा दोन आठवडे सोडा. निम्म्याहून जास्त घरटी तिथेच आहेत."

खोलीत कुजबुज झाली. तेव्हा ऑर्व्हल काठी टेकत उठले. ऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्य त्या तळ्यावर गेलेलं. ते उठले की खोली गप्प व्हायची.

"मी साठ वर्षं हे पाणी बघतोय," ते म्हणाले. "पोरगी म्हणते ते खरं आहे. फाटा सोडा. ज्याला फाट्यातच मासा लागतो त्याने मासेमारी सोडून भाजी लावावी."

लोक हसले. हात वर झाले, सगळेच्या सगळे. स्पर्धेच्या आयोजकानेही मान डोलावली. कायद्याने त्याला बंधन नव्हतं, पण गावाचा शब्द म्हणून तो स्पर्धकांना सांगणार होता. घरी जाताना मार्लीनने गाडीत ऑर्व्हलचा हात दाबला. ते खिडकीबाहेर बघत होते.

नऊ जूनला पाणी पंधरावर गेलं. दहाला तिने पहिलं घरटं पाहिलं, पडलेल्या देवदाराच्या बुंध्याशी. पुढचे दहा दिवस दोघं रोज फाट्यात जात होती. एकूण चौतीस घरटी. ती पाण्याखाली पाटीवर पेन्सिलीने खुणा करायची आणि घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढायची. सात नंबरच्या बापाचा जबडा एका बाजूने फाटलेला होता, कधीतरी गळाने फाटला असेल. गेली चार वर्षं तो त्याच खडकाआड घरटं करत होता. नकाशावर त्याच्यापुढे तिने 'फा. ज.' असं लिहिलं. ऑर्व्हल शेजारी बसून बघत होते.

"एक प्रत मला दे," ते म्हणाले. "बोट कुठे थांबवायची ते कळेल."

तिने दिली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ते परत तिच्याकडे आले. "उद्या तू बोटी उतरवायच्या जागी थांब आणि लोकांना कागद वाट. फाट्याच्या तोंडाशी मी बसतो. कोणी आत घुसायला लागला तर मी आहे."

"दिवसभर? उन्हात?"

"टोपी आहे की मला."

तिला इतकं बरं वाटलं की तिने त्यांच्यासाठी डब्यात सँडविच आणि दोन गोड बटर टार्ट भरून दिले.

शनिवारी ती सकाळपासून उतारावर उभी होती. बोटी एकामागून एक पाण्यात सरकत होत्या आणि ती प्रत्येकाच्या हातात कागद देत होती. बहुतेक जण चांगले बोलले. सहाव्या की सातव्या बोटीत एक चाळिशीचा माणूस होता, उन्हाने भाजलेला चेहरा, डोळे ऑर्व्हलचे. तिने त्याला ओळखलं.

"रॉयस? तू?"

"मिसेस टॅकाबेरी!" तो हसला. "अजून दम देता का?"

"माझ्या बसमध्ये दोनदा ओकलायस तू. विसरले नाही मी. बाबांना भेटलास?"

"कालच आलो. त्यांच्याकडेच उतरलोय."

तिला खरोखर आनंद झाला. ऑर्व्हलनी तिला हे सांगितलं नाही याचं थोडं नवल वाटलं, पण तिने मनात म्हटलं, लाजले असतील. इतक्या वर्षांनी मुलगा घरी आला, बोलून दाखवलं तर मोडेल असं वाटलं असेल. तिने रॉयसलाही कागद दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि बोट उत्तरेकडे वळवली.

दुपारी तीनला वजनं सुरू झाली. गावच्या धक्क्यावर मंडप, काटा, माइक, लोकांची गर्दी. मार्लीन बर्निसला सरबत वाटायला मदत करत होती. रॉयसने पिशवी काट्यावर ओतली तेव्हा गर्दीतून आवाज निघाला. पाच मासे, पाचही मोठे.

मार्लीनने शेपट्या पाहिल्या.

पाचही शेपट्यांची खालची कड झिजून पांढरी पडलेली होती, सोलल्यासारखी. दोन आठवडे खडी झाडली की शेपटी अशी होते, दुसऱ्या कशाने होत नाही. पाचही नर. पोटं खपाटीला. आणि त्यातल्या एकाचा जबडा डाव्या बाजूने फाटलेला होता.

हातातला ग्लास तिने टेबलावर ठेवला. तिला वाटलं आपण चुकतोय. ती पुढे गेली, काट्याजवळ वाकली. चुकत नव्हती.

आयोजकाने माइक रॉयसपुढे धरला. "काय गुपित आहे राव? पोरांना सांगा."

"गुपित कसलं," रॉयस म्हणाला.  "माझे वडील. ते तिकडे बसलेत. या तळ्यातलं एकेक घरटं त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलंय. नकाशा काढलाय. मला दिला. बाबा, हे तुमचं आहे."

टाळ्या पडल्या. कडेच्या खुर्चीवर ऑर्व्हल बसले होते, टोपी मांडीवर. त्यांचे डोळे भरले होते. मार्लीन त्यांच्याकडे बघत होती आणि ते आपल्या बुटांकडे.

"तो मासा मला द्या," मार्लीन म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "फाटक्या जबड्याचा. मी त्याला परत नेते. बोटीने वीस मिनिटं लागतील. अजून काही पिल्लं असतील तर…"

"अहो, सोडणारच आहोत," आयोजक म्हणाला. "इथेच सोडतो. सगळे जिवंत आहेत."

"इथून घरटं तीन किलोमीटर आहे!"

"मार्लीनचा जावई दिसतोय तो," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. हसणाऱ्यांत सभेला हात वर केलेले चेहरे होते. बर्निससुद्धा ओठ दाबून हसत होती.

"ऑर्व्हल," मार्लीन म्हणाली. "सांगा त्यांना."

ऑर्व्हलनी मान वर केली नाही. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. रॉयसने एकेक मासा धक्क्यावरून पाण्यात सोडला. फाटक्या जबड्याचा क्षणभर जागीच थांबला आणि मग हिरव्या पाण्यात खाली गेला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच फाट्यात गेली. वल्हवायचं, नांगर टाकायचा, उतरायचं, परत चढायचं. जे काम दोघांनी तीन तासांत होई त्याला सारा दिवस लागला. चौतीसपैकी पंधरा घरट्यांवर बाप होते. एकोणीस रिकामी. त्यातल्या सात घरट्यांत पिल्लं अजून उरली होती, काळ्या तिळांसारखी खडीत घुटमळत, आणि त्यांच्यात सनफिश शिरलेले. बाकीच्या बारा घरट्यांत काहीच नव्हतं. सात नंबरच्या खडकाआड एक पर्च फिरत होता, पोट टम्म. मार्लीनने त्याला हाताने हाकललं. तो दोन हात सरकला आणि परत आला. काचेच्या आत तिचे डोळे भरले, आणि पाण्याखाली डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ती वर आली आणि बोटीची कड धरून तशीच लोंबकळत राहिली.

काठावरच्या एका म्हाताऱ्याने तिला सांगितलं की आदल्या दिवशी सकाळी आठलाच एक बोट आत गेली होती. दुपारपर्यंत तिच्या मागून आणखी तीन.

"तोंडाशी ऑर्व्हल होते ना?"

"होता की. बोटीतल्या माणसाला त्याने हात केला."

ओल्या केसांनीच ती ऑर्व्हलकडे गेली. ते ओसरीवर होते. रॉयस गावात गेला होता. रेडिओवर बेसबॉल चालू होतं. तिला पाहून त्यांनी रेडिओ बंद केला.

"एकोणीस," ती म्हणाली.



"सभेत तुम्ही उठलात. तुमच्यामुळे हात वर झाले. आणि मग मीच डबा भरून दिला तुम्हाला, तिथे बसून त्याला आत सोडायला!"

"बस जरा."

"नाही बसत."

ऑर्व्हलनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मे महिन्यात त्याचा फोन आला," ते म्हणाले. "म्हणाला, बाबा, स्पर्धेला येतोय, तळ्यात मासे कुठे आहेत ते सांगाल का. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदा मला काही विचारलं, मार्लीन. मी काय सांगणार होतो? मला माहीत नाही म्हणून?"

"हो. तेच सांगायचं होतं."

"तुला मूल नाही. तुला नाही कळणार."

हे त्यांनी याआधी कधीच म्हटलं नव्हतं. कुणालाही तिला असं म्हणू दिलं नव्हतं. मार्लीनने ओसरीचा खांब धरला.

"सभेच्या वेळी ठरलेलं होतं तुमचं?"

"नव्हतं. देवाशपथ नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, त्याला उत्तरेचा काठ दाखवीन. मग तो म्हणाला, तिकडे सगळेच जातात."  मग त्यांच्या आवाजात जरा ताठा आला. "आणि हे तुला शिकवलं कुणी? तू पडदे ओढून बसली होतीस. तळं तुला मी दाखवलं."

"दाखवलंत. म्हणून तर." ती निघाली. पायरी उतरताना एकदाच वळली. "त्याने माइकवर काय सांगितलं ते ऐकलंत ना? तुम्ही टिपलंय म्हणाला. तुम्ही काढलाय म्हणाला. निदान तेवढं तरी त्याला खरं सांगायचं."

ऑर्व्हलनी रेडिओ परत लावला.

सोमवारी दुपारी रॉयस तिच्या दारात आला. ती भांडी घासत होती.

"मिसेस टॅकाबेरी, बाबा जेवत नाहीयेत. म्हणतात तुमच्याशी भांडण झालं. माझ्यामुळे का? फाट्यात गेलो म्हणून? बाबा म्हणाले तो नियम बाहेरच्यांसाठी आहे."

"नकाशा दाखव," ती म्हणाली.

त्याने पाकिटातून काढला, जपून, दोन्ही हातांनी उलगडला. कागद नवा होता. अक्षर ऑर्व्हलचं, थरथरतं. त्यांनी बसून सगळा परत काढला होता, शाईने, स्वतःच्या हाताने. वर कोपऱ्यात त्यांची सही. मार्लीनने हात पुसले, कपाटातून आपली पाटी, नऊ वर्षांच्या वह्या आणि मूळ कागद आणून त्याच्या शेजारी ठेवला. तिच्या नकाशात डावीकडचं टोक चुकून जास्त लांब निघालं होतं. ऑर्व्हलच्या नकाशातही ते तेवढंच लांब होतं. सात नंबरपुढे 'फा. ज.' तसंच होतं.

"याचा अर्थ काय, विचारलंस त्यांना?" तिने बोट ठेवलं.

"कुठल्यातरी खडकाचं नाव असेल म्हणाले."

"फाटका जबडा. तूच काट्यावर ओतलास तो."

रॉयस खुर्चीवर बसला. त्याने तिच्या वह्या उघडल्या, एकेक पान उलटलं. आकडे, वारा, तारखा. शेवटी त्याने दोन्ही कागद परत बघितले.

"मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं, त्यांनी हे माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. एवढी वर्षं."

 तिला हवं होतं तसं झालं होतं, आणि ते पाहवत नव्हतं. बसच्या आरशात एकेकाळी दिसायचा तोच चेहरा होता, मळमळ दाबून धरलेला.

"चहा घेतोस?"

"नको."

तो गेला. संध्याकाळच्या आत त्याची गाडी बोटीसकट गावाबाहेर पडली, हे तिला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. बर्निस सामान भरता भरता म्हणाली, "म्हाताऱ्याला आता कोण आहे गं? एका माशापायी."

"एकोणीस," मार्लीन म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पीठ दे दोन किलो."

उन्हाळा गेला. सप्टेंबरमध्ये उथळ पाण्यात बोटभर लांबीचे बास दिसायला हवेत. त्या वर्षी ते मोजायला तिला एका हाताची बोटं पुरली. पुढच्या वर्षी काय करायचं यावर सभा भरली तेव्हा ती गेली नाही. ऑर्व्हल आणि ती तळ्याकाठच्या रस्त्यावर दोनदा समोरासमोर आली. पहिल्यांदा ते थांबले, ती थांबली नाही. दुसऱ्यांदा कुणीच थांबलं नाही. रविवारी ती सवयीने जास्त स्वयंपाक करायची आणि उरलेलं आठवडाभर खायची.

पुढच्या वर्षी बर्फ एप्रिलच्या नऊ तारखेला गेला. दक्षिणेचा वारा, लख्ख ऊन. मेच्या पंधरा तारखेला फाट्यात पाणी सोळा होतं आणि घरटी तयार. अशा वर्षी जूनच्या चौथ्या शनिवारपर्यंत पिल्लं केव्हाच पांगलेली असतात. कुणाचा शब्द लागला नसता आणि कुणी तो मोडू शकलं नसतं. मार्लीन एकटीच उतरत होती. बोटीची दोरी कमरेला बांधून, पोहत ती स्वतःच मागे ओढत नेण्याची युक्ती तिने शोधली होती. हळू होतं, पण जमत होतं. सव्वीस घरटी निघाली. तिने आकडे वहीत लिहिले.

एकोणीस मेला सकाळी ती धक्क्यावरून आत आली तर फोन वाजत होता.

"मार्लीन?" ऑर्व्हलचा आवाज बारीक झाला होता. "मला खाली उतरवत नाही आता. खुबा." मग विचारलं, "पाणी किती आहे?"

तिने वही बघितली, तशी गरज नव्हती.

"साडेसतरा."

"अस्सं." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "आणि वारा कुठला आहे?"

"खिडकीतून बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग रबरी पोशाख दोरीवरून काढला. आतून अजून ओला होता. तो अंगात चढेपर्यंत तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला.